आधी झाड, मग खार, मग बंदूक: ओझार्कच्या जंगलातली खारीची शिकार

खारीची शिकार शिकायची असेल तर पहिले दोन-तीन शनिवार बंदूक कपाटातच राहू द्या. गळ्यात दुर्बीण अडकवा, पाण्याची बाटली घ्या आणि जंगलात जाऊन नुसती झाडं बघून या. इथले जुने शिकारी खारीबद्दल बोलायला लागले की पाच मिनिटांत गाडी झाडांवर येते. बंदुकीचा विषय निघालाच तर शेवटी. नवशिक्याचं नेमकं उलटं. तो आधी तीन महिने रायफलींची परीक्षणं वाचतो आणि मग ज्या ओकला यंदा फळच धरलेलं नाही, त्याच ओकच्या बुंध्याला टेकून सकाळ फुकट घालवतो.

हे सगळं लिहितोय ते अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या दक्षिणेकडच्या ओझार्क डोंगरांबद्दल. ओक आणि हिकरी (अक्रोडाच्या कुळातलं झाड) यांचं पानझडी जंगल, ओढ्याकाठी काळा अक्रोड आणि मेपल, कडेकडेने तुती. नुसत्या मार्क ट्वेन राष्ट्रीय वनाचं क्षेत्र सुमारे १५ लाख एकर आहे आणि ते सगळ्यांना खुलं आहे. शिवाय राज्याच्या संवर्धन खात्याच्या जमिनी वेगळ्या. ओहायो, केंटकी, टेनेसीतल्या वाचकांना झाडं आणि पद्धत जवळपास तीच लागू पडेल. तारखा आणि नियम मात्र आपापल्या राज्याचे पाहा.

गावाकडे फोनवर हे सांगितलंत की ‘अरे, सेतू बांधायला आलेली खार ती, आणि तुम्ही मारून खाता?’ हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. भारतात वन्यप्राण्यांची शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे, शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि ते योग्यच आहे. इथली गोष्ट वेगळी. करड्या खारी मुबलक आहेत, वर्षातून दोनदा वितात, आणि त्यांची संख्या शिकाऱ्यांपेक्षा ओकच्या फळावर ठरते. ज्यांना हे पटणारच नाही त्यांनी दुर्बिणीपाशी थांबावं. लेखाचा अर्धा भाग त्यांच्याही कामाचा आहे.

कागदपत्रं: व्हिसावाल्यांनी दोनदा वाचा

एच-वन-बी, एफ-वन, एल-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायलाच मनाई आहे. विकत घ्यायला नव्हे, बाळगायला. मित्राची रायफल नेमबाजीच्या मैदानावर हातात घेतली तरी ते बाळगणंच. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून क्रम असा: आधी परवाना, मग बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की ही सूटही संपते, आणि घरातली रायफल त्या दिवसापासून गुन्हा ठरू शकते. नूतनीकरणाची तारीख व्हिसाच्या तारखेइतकीच गांभीर्याने लिहून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. आणखी एक: राज्यात गांजा कायदेशीर असला तरी संघीय कायद्यात नाही, आणि गांजा ओढणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. दुकानातल्या फॉर्मवर हा प्रश्न सरळ विचारलेला असतो. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. पार्टीत भेटलेल्या माहीतगाराला नको.

परवान्याआधी प्रशिक्षण. मिझुरीत १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, १६ वर्षांवरच्या व्यक्तीला शिकारी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. अभ्यासक्रम ऑनलाइनही करता येतो. तो कंटाळवाणा आहे, पण कुंपण ओलांडताना बंदूक कशी धरायची, साथीदार कुठे आहे ते न बघता वळायचं का नाही, या गोष्टी ज्याने आयुष्यात कधी बंदूक पाहिली नाही त्याला तिथेच कळतात. मग छोट्या सावजाचा परवाना काढायचा.

मिझुरीत खारीचा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी उघडतो आणि १५ फेब्रुवारीला बंद होतो. दिवसाला १० खारी, आणि एकूण जवळ २० पेक्षा जास्त नाहीत. ओहायोत हंगाम १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी आणि मर्यादा ६ खारींची. दरवर्षी खात्याची पुस्तिका निघते, ती फुकट असते, ती वाचा. राष्ट्रीय वनात घर, इमारत किंवा तंबूच्या जागेपासून १५० यार्डांच्या आत गोळी झाडता येत नाही. रस्त्यावरून किंवा पाण्यावरून पलीकडे मारणंही बंद.

कोणती खार?

इथे शिकारीच्या खारी दोन. करडी खार सडपातळ, पोट पांढरं, शेपटीच्या कडेला पांढरी झालर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. तिला सलग, घनदाट, मोठ्या झाडांचं जंगल आवडतं आणि ती फटफटायच्या आधीच बाहेर पडते. दुसरी फॉक्स खार: दांडगी, पोट आणि शेपूट तांबूस-नारिंगी, कधीकधी वजन किलोच्या घरात. ती जंगलाच्या कडेला, मक्याच्या शेतालगतच्या झाडोऱ्यात जास्त दिसते आणि तिला उशिरा उठायची सवय आहे. सकाळचे नऊ वाजले, करड्या खारी थंडावल्या, म्हणून लगेच गाडीकडे वळू नका. शेताच्या बाजूची कड धरा.

झाडं ओळखणं

खार वर्षभर जेवणाच्या मागे फिरते आणि हे जेवण ठरलेल्या क्रमाने जागा बदलतं. हा क्रम डोक्यात बसला की निम्मं काम झालं.

मे-जूनमध्ये तुती पिकते. फळांनी लगडलेलं एखादं तुतीचं झाड सापडलं तर आसपासच्या सगळ्या खारी तिथेच. पण या दिवसांत पानं इतकी दाट असतात की आवाज येतो आणि खार दिसत नाही. शिवाय पिल्लांना पाजणाऱ्या माद्याही याच काळात असतात. नवख्याने हे दोन महिने दुर्बिणीवरच काढावेत असं माझं मत.

ऑगस्टच्या मध्यापासून हिकरी. ही ओळखायला सर्वांत सोपी जात म्हणजे शॅगबार्क हिकरी. तिची साल लांब पट्ट्यांनी खोडापासून सुटून बाहेर वाकलेली असते, आणि एका देठावर बहुतेक पाच पानं. साध्या मॉकरनट हिकरीला सात-नऊ पानं आणि साल घट्ट. हिकरीचं फळ जाड हिरव्या सालीत असतं, आत टणक कवच, आणि आतला गर तेलकट. खारीला याहून प्रिय काही नाही. पांढऱ्या ओकची फळं खाली पडायला लागली तरी हिकरीवर फळ शिल्लक असेल तर ती हिकरी सोडत नाही.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात ओक सुरू होतात, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण ओक म्हणजे एकच झाड नव्हे. दोन घराणी आहेत. पांढऱ्या ओकच्या पानाच्या कडा गोलसर कापलेल्या असतात, साल राखाडी-पांढरट आणि खपल्यांची. त्याचं फळ एकाच वर्षात तयार होतं, त्यात टॅनिन कमी, म्हणून कडवटपणा कमी, आणि खाली पडल्यावर ते त्याच शरदात रुजायला लागतं. तांबड्या आणि काळ्या ओकच्या पानांची टोकं अणकुचीदार, प्रत्येक टोकाला बारीक केस. फळाला दोन वर्षं लागतात, टॅनिन भरपूर, आणि ते रुजतं पुढच्या वसंतात.

खारीला हा फरक कळतो. पांढऱ्या ओकचं फळ ती जागच्या जागी खाते, कारण ते पुरून ठेवलं तर रुजून जाईल. तांबड्या ओकचं फळ ती पुरते. कधी पांढऱ्याचं पुरायचंच झालं तर टोकाला दात लावून आतला कोंब खुडून टाकते, म्हणजे ते रुजतच नाही. झाडाखाली अर्धवट खाल्लेली ओकफळं उचलून बघा: टोपीकडची बाजू खाल्लेली आणि टोकाकडची टाकलेली दिसेल, कारण टोकाकडे कोंब असतो आणि कडवटपणा तिथे जास्त. शिकाऱ्यासाठी याचा अर्थ असा की सप्टेंबर-ऑक्टोबरला पांढरे ओक, आणि नोव्हेंबरनंतर जिथे तांबडे-काळे ओक आहेत तो उतार. थंडीत खार झाडावर कमी आणि पाचोळा उकरत जमिनीवर जास्त सापडते.

फळ दरवर्षी सारखं धरत नाही. फुलोऱ्यात उशिराचं गोठलेलं दव पडलं की पांढऱ्या ओकचं पीक जातं; तांबड्या ओकचं फळ दोन वर्षांचं असल्यामुळे त्याच वर्षी तो तगून जाऊ शकतो. आणि यंदा खारी किती, हे गेल्या वर्षीच्या फळावर ठरतं: पोटभर खाऊन हिवाळा काढलेल्या माद्या जास्त पिल्लं वाढवतात. पूर्व अमेरिकेत १९६७ ला अमाप फळ आलं, खारी बेसुमार वाढल्या, आणि १९६८ ला फळच धरलं नाही. त्या सप्टेंबरात अनेक राज्यांत खारी लोंढ्याने घरदार सोडून निघाल्या होत्या. म्हणून ऑगस्टमध्येच दुर्बिणीने शेंडे बघा. ज्या वर्षी फळ कमी, त्या वर्षी खारी मोजक्या झाडांवर गर्दी करतात. अशी झाडं ज्याला सापडली त्याचा हंगाम सोपा जातो.

माग काढणं

हिकरीखाली वाका आणि पाचोळ्यात हात घाला. खारीने कुरतडलेल्या सालीचा चुरा सापडला तर बोटांनी चुरडून पाहा. हिरवट-पांढरा, ओलसर चुरा म्हणजे आजचा किंवा कालचा. तपकिरी-काळा, कोरडा म्हणजे जुना. ते झाड बहुधा संपलं. पाचोळ्यात लिंबाएवढे खड्डे आणि बाजूला उडवलेली माती म्हणजे पुरलेलं फळ काढलेलं. शेंड्यातला पानांचा गोळा म्हणजे घरटं, पण नुसत्या घरट्यांवर विसंबू नका, ती वर्षभरापूर्वीचीही असतात. जिवंत, पोकळ झाडातल्या ढोलीची कड गुळगुळीत झालेली दिसली तर तिथे नक्की राबता आहे.

अशी चार-पाच झाडं सापडली की फोनच्या नकाशावर खुणा करून ठेवा. झाडापासून झाडापर्यंत जायची वाटही आखा: शक्यतो ओढ्याच्या कोरड्या पात्रातून किंवा जुन्या लाकूडवाटेने, जिथे पाचोळा कमी वाजतो.

बंदूक आणि बाकीचं सामान

मुख्य वाद एकच: पॉइंट टू-टू (.२२ इंची, बारीक गोळीची) रायफल की छर्ऱ्याची बंदूक?

पानं दाट असताना, ऑगस्ट-सप्टेंबरात, २० किंवा १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) छर्ऱ्याची बंदूक आणि सहा नंबरचे छर्रे सोयीचे. २० ते ३५ यार्डांत काम होतं, पळती खारही हाती लागते, आणि छर्रे वर झाडले तरी पावणेतीनशे यार्डांच्या आसपास त्यांचा दम संपतो. पानं गळली की पॉइंट टू-टूला तोड नाही. आवाज कमी, मांस खराब होत नाही, आणि एका जागेवरून दोन-तीन खारी मिळू शकतात. मी विचारणाऱ्याला पॉइंट टू-टूच घ्या म्हणतो, पण एका अटीवर, ती खाली नेमाच्या भागात आहे.

रायफल महाग हवी असं नाही. साधी बोल्टची, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खटका ओढायची, आणि तिच्यावर बसवलेली साधी चार पटींची दुर्बीण. फक्त ही दुर्बीण रिमफायरसाठी (पॉइंट टू-टूसारख्या छोट्या काडतुसांच्या रायफलीसाठी) बनवलेली, म्हणजे ५०-६० यार्डांना बेतलेली असू द्या. मोठ्या रायफलीची दुर्बीण १०० यार्डांना बेतलेली असते आणि जवळच्या सावजावर डोळा जरा हलला की नेम फसवते. काडतुसं चार निरनिराळ्या बनावटीची, एकेक डबी आणा. टेबलावर पिशवीचा आधार घेऊन ५० यार्डांवर प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या झाडा. प्रत्येक नळीला कुठलं तरी एकच काडतूस मानवतं; ज्याच्या पाचही गोळ्या इंचभरात बसतील ते घ्या आणि मग ते बदलू नका. खारीचं डोकं जेमतेम दीड इंचाचं असतं, त्यामुळे ही कसरत हौशीची नाही.

कपडे मळकट रंगाचे, न खसखसणारे. डोक्यावर मात्र भडक नारिंगी टोपी घाला. नोव्हेंबरच्या हरणांच्या बंदूक-हंगामात तर नारिंगी टोपी आणि जॅकेट मिझुरीत सक्तीचंच आहे, पण एरवीही जंगलात दुसरे शिकारी असतात. खारीला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. तिला हालचाल कळते.

ओझार्कचा खरा धोका गोचीड. इथली लोन स्टार गोचीड चावली की काहींना पुढे मटण, बीफ अशा लाल मांसाची ॲलर्जी जडते. हा कायमचा त्रास असू शकतो आणि मटणप्रेमी मराठी माणसाला याहून मोठी शिक्षा कुठली? आदल्या दिवशी पँट, मोजे आणि बुटांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा मारून वाळवा, अंगावर नको. पँट मोज्यात खोचा. परत आलात की आधी अंघोळ आणि अंगभर तपासणी. तीन-तीन पानांची वेल झाडावर चढलेली दिसली तर तिला टेकू नका, पॉइझन आयव्ही आठवडाभर खाजवत ठेवते. सप्टेंबरात खडकाळ उतारावर कॉपरहेड साप असतात, पाय ठेवण्याआधी बघा.

पहाट

वारा नसलेला दिवस निवडा. वाऱ्यात सगळ्याच फांद्या हलतात, खारीला धोका ऐकू येत नाही, म्हणून ती ढोलीतच बसते. रात्री पाऊस पडून सकाळी थांबलेला असेल तर सोनं: पाचोळा ओला, पाय वाजत नाहीत, आणि खारी भुकेल्या.

उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर पोहोचा. आपल्या खांद्यांहून रुंद बुंधा बघून त्याला पाठ लावा, सूर्य पाठीमागून येईल असं बसा, बुडाखाली गादी घ्या (ओझार्कचे दगड सुखाने बसू देत नाहीत), आणि गुडघे वर करून त्यावर बंदूक टेकवा. मग काही करू नका. तुम्ही चालत आलात तेव्हा जंगल गप्प झालेलं असतं, ते पुन्हा बोलतं व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

आधी कान. वारा नसताना एकच फांदी हलून पानांचा सळसळाट झाला, तर ती उडी. वरून बारीक चुरा पानांवर टपटपतोय, तर वर कोणीतरी हिकरी कुरतडतंय. मोठं फळ धप्पकन पडलं, तर ते कदाचित नुसतंच पिकून पडलं असेल, पण एकामागून एक पडत राहिलं तर मान वर करा. पाचोळ्यात पळण्याचा आवाज थांबत-थांबत येतो: चार उड्या, शांतता, पुन्हा चार उड्या. हरणाच्या पावलांत ही अशी घाई नसते.

डोळ्यांनी पूर्ण खार शोधायला गेलात तर ती दिसणार नाही. शेपटीचा हलता केस, फांदीवर नको तिथे आलेला फुगवटा, बुंध्याच्या कडेला कानाचं टोक, एवढंच शोधायचं. दिसली तरी लगेच बंदूक उचलू नका. ती बुंध्यामागे गेली, किंवा खाण्यात गुंतून मान खाली घातली की उचला. तिची नजर मोकळी असताना हललात तर ती बुंध्याच्या पलीकडे, आणि मग पुढचा अर्धा तास तुम्ही झाडाभोवती आणि ती तुमच्या उलट्या बाजूने.

या लपाछपीवर जुना उपाय म्हणजे साथीदार. एकाने जागचं हलायचं नाही, दुसऱ्याने सावकाश पलीकडे चालत जायचं. खार त्याला टाळायला फिरते आणि बसलेल्याच्या समोर येते. एकटे असाल तर काठी किंवा दगड पलीकडे फेका. निम्म्या वेळी चालतं.

नऊच्या सुमाराला हालचाल थंडावली की उठा आणि सावकाश फिरा. तीन-चार पावलं टाकायची, मग झाडाला लागून उभं राहायचं, आणि चाललात त्याहून जास्त वेळ थांबायचं. आपल्याला वाटतं आपण हळू चाललोय, त्याच्याही निम्म्याने. पावलांची लय तुटकी ठेवा, माणसासारखी एकसारखी टापटाप नको. खारीला हाक द्यायची युक्तीही आहे: इथली पंचवीस सेंटची दोन नाणी, क्वार्टर, त्यांच्या दातेरी कडा एकमेकांवर घासल्या की कुरतडण्यासारखा आवाज होतो, आणि जेवणाच्या आवाजाला दुसरी खार कधीकधी भुलते. दुकानात रबरी शिट्ट्या मिळतात, पण त्या फार वाजवणारे लोक जंगलभर आपण आल्याची दवंडी पिटतात. कुत्र्यांना घेऊन होणारी शिकार, फीस्ट आणि कर जातीच्या कुत्र्यांची, तो निराळाच खेळ आहे आणि थंडीत, पानं गेल्यावर, त्यात मजा फार आहे. पण कुत्रा पाळणं म्हणजे बारा महिन्यांचं काम.

नवख्यासाठी सर्वांत चांगला काळ ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरच्या हरिण-हंगामाआधीपर्यंत. निम्मी पानं गळलेली, फळ अजून झाडावर, गोचीड कमी, आणि खारी फळं पुरायला लागलेल्या.

नेम

आता ती अट. पॉइंट टू-टूची साधी गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. डबीवर तसा इशारा छापलेला असतो. म्हणून रायफलीने आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसलेल्या खारीवर कधीही, कितीही जवळ असली तरी, गोळी झाडायची नाही. गोळीच्या मागे बुंधा, जाड फांदी किंवा डोंगर हवाच. बारीक फांदीवर, मागे निळं आभाळ, अशी खार दिसली तर ती बुंध्यावर उतरेपर्यंत थांबा, नाही उतरली तर तिचं नशीब. ही अट पाळायची तयारी नसेल तर छर्ऱ्याची बंदूक घ्या.

नेम डोक्यावर, आणि ३०-३५ यार्डांच्या आत. बंदुकीला झाडाचा किंवा गुडघ्याचा आधार असल्याशिवाय नाही. चाप ओढल्यावर श्वास सोडून तसेच बसा. खार पडली तर ती नेमकी कुठे पडली ते एखाद्या खुणेशी जोडून ठेवा, पण उठू नका. पॉइंट टू-टूच्या आवाजाने बाकीच्या खारी दहा-पंधरा मिनिटं गप्प होतात आणि पुन्हा खायला लागतात. तुम्ही उठलात तर मात्र त्या सकाळच्या सकाळ गेल्या. याला अपवाद जखमी सावजाचा. जखमी झालेली दिसली तर सगळं सोडून तिचं काम आधी संपवा. उचलताना मागून जा आणि डोळ्याला काडी लावून खात्री करा, कारण अर्धमेली खार बोटाला हाडापर्यंत चावते.

मर्यादा दहाची असली तरी एका झाडावरून दोन-तीन पुरे, मग जागा बदला. घरात चार माणसं असतील तर तीन-चार खारींत रस्सा होतो.

साफ करणं

उन्हाळी दिवसांत हे जंगलातच करा, मांस लवकर गरम होऊन वास धरतं. हातमोजे घाला, ससे आणि खारींमधून टुलारेमिया या जिवाणूजन्य रोगाची लागण माणसाला होऊ शकते. ऑगस्ट-सप्टेंबरात कातडीखाली गाठ दिसली आणि तिला छिद्र असेल तर आत बॉटमाशीची अळी असते. दिसायला किळसवाणी, पण ती कातडीलगतच असते, मांस बिघडवत नाही. तरीही मन धजत नसेल तर थंडी पडेपर्यंत शिकार लांबवा.

आधी खार पाण्यात बुडवून काढा, नाहीतर केस मांसाला चिकटतात आणि मग एकेक वेचत बसावं लागतं. शेपटीच्या खालच्या बाजूने, मुळाशी आडवा छेद द्या. शेपटीचं हाड कापा पण वरची कातडी कापू नका. तो छेद दोन्ही बाजूंनी कमरेवर जरासा वाढवा. आता शेपटीवर बूट रोवा आणि मागचे दोन्ही पाय धरून सावकाश, एका दमात वर ओढा. कातडी ओल्या बनियनसारखी डोक्याकडे उलटत जाते. पुढचे पाय त्यातून सोडवा, मग पोटाकडे उरलेला त्रिकोणी तुकडा मागच्या पायांकडे ओढून काढा. डोकं, पंजे छाटा, पोट उघडून आतडी काढा, पित्ताशय फोडू नका. काखेत आणि कंबरेजवळच्या छोट्या गाठी काढून टाका, त्यांनी रश्श्याला उग्रपणा येतो असं इथले लोक सांगतात. मेंदू खाऊ नका. इथे अंड्याबरोबर परतून खायची जुनी पद्धत होती, पण १९९७ मध्ये केंटकीतल्या डॉक्टरांनी मेंदूच्या एका असाध्य रोगाशी त्याचा संबंध असावा अशी शंका मांडली. ते सिद्ध झालेलं नाही, पण चमचाभर मेंदूसाठी जोखीम कशाला?

घरी आल्यावर मिठाच्या थंड पाण्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. फॉक्स खार असेल तर हाडं गुलाबी दिसतील. घाबरू नका, या जातीच्या हाडांत पॉर्फिरिन नावाचं द्रव्य साठतं आणि अतिनील दिव्याखाली ती लाल चमकतात. करड्या खारीची हाडं पांढरीच.

भांड्यात

कोवळी की जून, ते आधी ठरवा. कानाची पाळी पातळ आणि सहज फाटणारी, मांस फिकट गुलाबी, म्हणजे यंदाचं पिल्लू. कातडी काढताना ज्या खारीने घाम काढला ती जून. कोवळीचे तुकडे मीठ-मसाला लावून तळता येतात किंवा सुकं होतं. जून खारीचं सुकं करायला जाल तर जेवण संपून गप्पा संपल्या तरी चावत बसाल; तिला कुकर.

तीन खारींचे प्रत्येकी पाच तुकडे करा, चार पाय आणि पाठ. बरगड्यांवर मांस नसतं, त्या रश्श्याला टाका. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर मुरवा. चरबी जवळपास शून्य असल्यामुळे तेल हात न आखडता घाला. कांदा परतून त्यात मांस टाका, सगळीकडून रंग येऊ द्या, गरम पाणी घालून कोवळीला तीन, जूनला सहा शिट्ट्या. मग भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लवंग, दालचिनी, थोडी खसखस यांचं वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालून उकळी. कुकर नसेल तर मंद आचेवर दोन-अडीच तास, आणि मांस आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे. नारळाच्या दुधातलं मालवणी वळणाचंही करून पाहिलंय, पण हिकरी खाल्लेल्या खारीच्या मांसाला स्वतःचा एक गोडसर, सुक्या मेव्याचा स्वाद असतो आणि तो नारळात दबतो. कोल्हापुरी तिखटातही तो टिकतो, हे मला अजूनही नवल वाटतं. सोबत भाकरी हवी. इथल्या मक्याच्या पिठाची चालते.

छर्ऱ्याने मारलेली असेल तर शिजवण्याआधी प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून तपासा. निळसर ठिपका किंवा आत ओढला गेलेला केस दिसला की तिथे छर्रा असतो, सुरीच्या टोकाने काढा. एखादा सुटतोच, आणि हाडंही बारीक असतात, तेव्हा पानं वाढतानाच सगळ्यांना सांगा की सावकाश चावा, आणि लहान मुलांना मांस हाताने सोडवून द्या.